शेवटची बबाई

राकेराने फावडं उचललं, तेवढ्यात तिचा थोरला दीर तेकिनाती खड्ड्यात उतरला आणि शेवटच्या बबाईला पाठ टेकून चिखलातच बसला.

"आता खण."

बबाई म्हणजे गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यात वाढणारं, माणसाच्या उंचीचं अळू. तिच्या कंदाशिवाय बेटावर लग्न नाही की मयत नाही. खड्ड्यावरून घराणं ओळखायचं. गेल्या मोठ्या भरतीला समुद्र बांधावरून आत आला, आणि तेव्हापासून एकेक कंद बुडातून सडत चालला होता. राकेराने राजधानीहून, तारावाहून, बोटीने आलेल्या उंच पेट्या मागून घेतल्या होत्या. तळाला पावसाचं पाणी, वर पाल्याचं खत. रोपाला फुटलेली धड पिल्लं तिला त्यांत लावायची होती.

"प्लास्टिकच्या डब्यात बबाई! लोक हसतील."

"हसू देत. त्यांच्या खड्ड्यांत तरी काय उरलंय?"

"नवऱ्याला विचारलंस?"

"ते जहाजावर. ते समुद्राकडे गेले आणि समुद्र इकडे आला. कुणाला विचारू, भाऊजी?"

काठावर जमलेल्या शेजारणींत कुणीतरी फिसकन हसलं. तेकिनातीच्या मानेची शीर ताठ झाली.

"पाणी गोडं आहे!" तो ओरडला. "माझ्या आज्यानं खणलाय हा खड्डा. रोज चाखतो मी."

राकेराने करवंटी खड्ड्यातल्या पाण्यात बुडवली आणि त्याच्यापुढे धरली.

"घ्या. सगळ्यांसमोर."

त्याने ती हातात घेतली. एका दमात रिकामी केली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं होऊ दिलं नाही.

"गोडं," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

आता कुणी हसलं नाही. राकेराने त्याच्या हातातून घेऊन करवंटी बाजूला ठेवली आणि फावडं त्याच्या मांडीलगत, बुंध्यापाशी रोवलं. जोर मात्र दिला नाही. थांबली.

बऱ्याच वेळाने तेकिनाती उठला. हात पुढे करून म्हणाला, "आण इकडे. आमच्या घरात बाईनं कधी बबाई काढलेली नाही."

"फावडं माझ्याकडेच राहील," राकेरा म्हणाली. "तुम्ही पिल्लांसाठी ही पाटी धरा."

 त्याने एकदा काठावरच्या शेजारणींकडे पाहिलं, मग वाकून पाटी उचलली.

"हळू," तो पुटपुटला. "पिल्लाचं मूळ तुटेल."