वीरसिंगनं घडवलेली पायरी

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. आत टाळ-मृदंग जुळतो आहे; कीर्तन उभं राहायच्या आत माझी कथा सांगून घेतो.

मी एक जुना काळा दगड आहे. फार फार पूर्वी इथली जमीन भेगाळली, आतला तापलेला रस उसळून पसरला, निवला, त्याचा मी झालो. देवानं मला अग्नीतून काढलं. पण घडवलं वीरसिंगनं. सातपुड्यातून मजुरीला आलेला हा माणूस इथं धानोरा गावातच राहिला. पाय धुऊन ओल्या पावलांनी कीर्तनाला येणारी माणसं घसरू नयेत, म्हणून मला देवळाची पायरी करताना त्यानं छिन्नीचे बारीक घाव मुद्दाम खडबडीत ठेवले. तो गेल्यावर त्याची बायको मोतीबाई माझ्यावरच बसून कीर्तन ऐकायची. बोटं त्या घावांवरून फिरत असायची.

मग जीर्णोद्धार निघाला. मोतीबाई कारभारी उमाकांतभाऊंना म्हणाली, “भाऊ, ती पायरी ऱ्हाऊ दे. तिन्हावर मन्हा धनीना हात फिरेल शे.”

“मावशी, गुळगुळीत फरशी बसाडसूत. देवले बी नवं लागस ना!”

“देवनी सांगं का तुले?”

सगळे हसले. पहार मात्र लागलीच.

मला देवळामागे एरंडाच्या झुडपात टाकलं. मोतीबाई तिथंही येऊन बसू लागली. भिंतीपलीकडचं कीर्तन अर्धंच ऐकू यायचं, तिला चालायचं.

एकदा गायत्रीबाई शाळेची मुलं घेऊन आल्या. “या खडकाला ट्रॅप म्हणतात. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, झिजले, म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडनच्या भाषेत पायरीला ‘ट्रॅपा’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडलं.” मुलांनी भराभरा लिहून घेतलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मोतीबाईनं रिना नावाच्या मुलीला हळूच विचारलं, “बेटी, दगडनं नाव लिखं ना? जेनी घडा, त्यान्हं बी लिखशी का? वीरसिंग.”

“आजी, ते परीक्षाले नही येस!”

रिना हसली. मोतीबाईही हसली, पण तिचा हात बराच वेळ माझ्यावर थांबून राहिला.

या एकादशीला ती आली नाही. दोन दिवसांपूर्वीच माणसं तिला स्मशानात पोचवून आली होती.

मित्रांनो, नव्या फरशीवर देणगीदारांची नावं आहेत. मुलांच्या वह्यांत माझंही आहे. मला घडवणाऱ्याचं नाव घेणारं एकच तोंड होतं, ते मिटलं. जुनं काही उखडण्याआधी, त्यावर कुणाचा हात फिरला होता एवढं तरी विचारा. आणि आज हरिनामाचा गजर झाला की टाळी वाजवा, अन् मधल्या एका श्वासात म्हणा, वीरसिंग. एवढं कराल ना?