छपरासाठी घेतलेली सही

युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठी राष्ट्रीय दिवस जाहीर झाला, तेव्हा आईने आधी रेडिओ बंद केला आणि मग भिंतीला टेकून बसली. या एका दिवसासाठी तिने तेवीस वर्षं सरकारदरबारी उंबरे झिजवले होते. पहिल्या कार्यक्रमात बेपत्तांची नावं वाचायचा मानही तिलाच मिळाला.

कुटुंबांच्या संघटनेचे सचिव यादी घेऊन घरी आले. आईने चष्मा पुसला, ओळीओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

"अहो भाऊजी, आमचे हे कुठायत? सरकारने यांना परत हरवलं की काय?"

सचिव हसले नाहीत. "वहिनी, कोर्टाने मृत ठरवलेल्यांना यात घेत नाहीत. तुमच्याकडूनच अर्ज गेला होता म्हणे. अकरा वर्षांपूर्वी."

थोरल्या लेकीच्या हातातला कप बशीवर वाजला.

घर बाबांच्या नावावर होतं. छप्पर खचलं, तेव्हा थोरली दुरुस्तीचा परवाना मागायला गेली. पालिकेतला कारकून म्हणाला, मालकाची सही आणा, नाहीतर मालक गेल्याचा दाखला. बेपत्ता माणूस सहीही करत नाही आणि मरतही नाही. दोन वर्षं तिने गळतीखाली बादल्या सरकवत काढली. मग छपराच्या कागदांत बाबांना मृत ठरवायचा अर्ज घालून आईपुढे सहीला ठेवला. "हा कसला गं?" आईने विचारलं होतं. "छपराचाच," ती म्हणाली होती.

"आई, मीच तो..."

"कळलं. म्हातारी झालेय, खुळी नाही." आईचा आवाज चढला नाही. "त्यानंतरही अकरा वर्षं मी रस्त्यावर बसून ओरडत होते, माझा माणूस शोधून द्या म्हणून. आणि तू डबा भरून द्यायचीस. वर संध्याकाळी विचारायचीस, आज कोणकोण आलं होतं?"



सचिवांनी पेन काढलं. "वहिनी, शेवटी हाताने लिहितो नाव. माईकवर कोण तपासायला बसलंय?"

"नको. बाकीच्या बायकांच्या माणसांची यादी खरी आहे. तिच्यात आमची खोटी भर नको."

कार्यक्रमाला थोरली शेवटच्या रांगेत बसली. आईने एकेक नाव सावकाश, स्वच्छ वाचलं. बाबांच्या आडनावाचं अक्षर आलं. इथे तरी आई थांबेल, निदान घसा खाकरेल, म्हणून थोरलीने श्वास रोखला. आईने त्याच सुरात पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं.

नंतर बायका आईच्या गळ्यात पडून रडल्या. आईने सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. गर्दी ओसरल्यावर थोरली तिला पायऱ्या उतरवायला पुढे झाली. आईने कठडा धरला.

"तू यांचा दाखला काढलास," ती म्हणाली. "आता यांना कुठल्या दिवशी आठवायचं, तेही तूच सांग."