मेंबरीणबाईंचा अंगठा

गावाचं नाव सांगत नाही. पवनेच्या काठाला, रहाटणीच्या पलीकडं आहे, एवढं पुरे. ती माणसं अजून हिंडतीफिरती आहेत आणि पुन्हा त्यांची तोंडं बघायची कुणाला हौस नाही.

एकोणसाठ सालची थंडी. भल्या पहाटे गावातल्या बायका रोजच्यासारख्या तांबे घेऊन ओढ्याकडच्या बाभळीत निघाल्या आणि वाटेतच थबकल्या. बाभळी रातोरात तोडलेल्या होत्या. एका बाजूला फांद्यांचा ढीग, मधे गुडघाभर मातीचे खड्डे आणि शेकोटीभोवती घोंगड्या पांघरून बसलेले दहा-बारा परके बाप्ये. पिंपरीकडं नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांना विटा हव्या होत्या, म्हणून इथं भट्टी लागणार होती. एकानं बायकांना बघून कंदील वर केला आणि बाकीचे हसले. बायका आल्या वाटेनं मागं फिरल्या. त्यांत दुर्गाबाई होती आणि तिची लेक रंभा होती, सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली.

ती बाभळ म्हणजे काय, हे स्पष्टच सांगितलेलं बरं. गावात संडास एकाच्याही घरी नव्हता. बाप्यांना नदी मोकळी, माळ मोकळा, वाटेल तिथं बसावं. बायकांना ही एवढी बाभळ. पहाटे आणि दिवेलागणीनंतर त्या वाटेला पुरुषमाणूस फिरकायचा नाही. चुकून आलाच, तर लांबूनच खाकरून मागं वळायचा. हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण सासवांच्या सासवांपासून पाळलेलं होतं.

सकाळी विहिरीवर अंबुबाईनं दुर्गाबाईला गाठलं. अंबुबाई शेजारची म्हातारी, तोंडाची फटकळ.

"मेंबरीणबाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अंगठा देताना निदान पोटुशी लेक तरी आठवायची."

"कसला अंगठा, अंबूआत्या?"

"ठरावाचा. पंचायतीनं जागा भट्टीला दिली, त्येच्यावर तुजा अंगठा हाय. सेक्रेटरीनं सांगितलं माझ्या ल्योकाला."

दुर्गाबाईला काही उमगेना. ती तिसरीपर्यंत शिकलेली. सही करायची. अंगठा तिनं जन्मात कुठं उठवला नव्हता.

आता हे मेंबरीण प्रकरण काय, ते ऐका. नवा कायदा आला आणि पंचायतीत बायकांसाठी दोन जागा ठेवल्या गेल्या. एका जागेवर सरपंच नानासाहेबांनी आपली चुलती बसवली. बसवली कसली, ती दोन वर्षं अंथरुणातून उठलेली नव्हती. दुसऱ्या जागेवर दुर्गाबाई बिनविरोध आली, कारण वाचता येणारी बाई दुसरी मिळेना. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून गाव तिच्या नवऱ्याला, मारुतरावाला, मेंबर म्हणायला लागलं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मेंबर हा शब्द साहेबाच्या मुलखातला. तिकडं म्हणे बाई असो बाप्या असो, निवडून आलं की मेंबर. तो शब्द बोटीतून मुंबईला उतरला, पुण्याला आला आणि या गावच्या शिवेत पाऊल टाकेपर्यंत त्याला चांगल्या झुपकेदार मिशा फुटल्या. पाटलाची ती पाटलीण, मास्तराची ती मास्तरीण, तशी मेंबराची ती मेंबरीण. दुर्गाबाई मेंबरीण झाली हे गावाला चटकन पटलं. मग ही ज्याची मेंबरीण, तोच मेंबर, दुसरा कोण असणार? मारुतरावानं काळा कोट शिवून घेतला. हॉटेलात त्याला बाकावर सरकून जागा मिळायला लागली. लग्नपत्रिकांवर त्याच्या नावापुढं मेंबर असं छापून यायला लागलं. मीटिंगला तोच जायचा, तोच खाकरायचा, तोच मान डोलवायचा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला दुर्गाबाईलाही बरंच वाटलं होतं. देवळात बायका तिला पुढं जागा करून द्यायच्या. चावडीवर चार बाप्यांत जाऊन बसायचं तिच्याच जिवावर यायचं. जाईनात का हे, ती म्हणायची. तिचंही चुकलंच, ते कशाला लपवायचं.

विहिरीवरून ती तरातरा घरी आली. मारुतराव पडवीत दाढी करत बसला होता.

"अवो, त्या ठरावावर माजा अंगठा कुणी उठवला?"

"मीच," तो आरशातून नजर न हलवता म्हणाला. "सेक्रेटरी म्हनला, बाईंची सही लागंल. म्हनलं आता बाईला कुटं बोलवत बसता, आना हिकडं पॅड."

"माज्या नावापुढं तुमचा अंगठा?"

"तुजा काय अन् माजा काय, येकच."

त्यानं तो अंगठा वर करून दाखवला. कडेला अजून निळी शाई होती. इतक्या सहज दाखवला, जणू काही मोठं काम करून आलाय. दुर्गाबाईला शिसारी आली. वीस वर्षं त्या हातावर तिनं पाणी घातलं होतं, जेवायला वाढलं होतं, आणि आज तो हात बघवेना.

"अन् त्या जागेत आमी जातो, ते ठाऊक न्हवतं तुमाला?"

"तिथं काय हाय? काटं. जावा की दुसरीकडं."

"दुसरीकडं म्हंजी कुटं?"

"आता ते बी मीच सांगू?" मारुतराव वैतागला. "बायकांचं बायकांनी बगावं."

असं आहे बघा. ठराव करताना मेंबर हा, आणि तांब्या घेऊन जायची वेळ आली की बायकांचं बायकांनी बघावं. शी! लाच खाल्ली असती तरी एक वेळ समजलं असतं. या माणसानं काहीसुद्धा खाल्लं नव्हतं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, की आपल्या घरातल्या बाईला पोट आहे आणि ते रोज साफ व्हावं लागतं.

बायकांनी मग नाना खटपटी केल्या. कुणी कालव्यापलीकडं गेल्या, तिथं रस्ता. कुणी उसात शिरल्या, तिथं राखणदारानं हाकललं. रंभानं वेगळाच मार्ग काढला. तिनं पाणी पिणंच सोडलं. जेवण अर्ध्यावर आणलं. पाणी पुढं केलं की म्हणायची, "तहान न्हाई, आई." चौथ्या दिवशी तिला लघवीला आग व्हायला लागली आणि संध्याकाळी अंगात कणकण भरली. सुईण मंजुळाबाईनं तिच्या पोटाला हात लावून बघितलं आणि दुर्गाबाईला परसात बोलावलं.

"पोरीला पानी पाज," ती म्हणाली. "अशीच ऱ्हायली तर येळंआधी मोकळी हुईल. मग मला दोष देऊ नगंस."

"पीत न्हाई ती."

"का पीत न्हाई ते मला नको सांगू. मी बी बाईच हाय."

त्या रात्री दुर्गाबाईनं रंभाला परसातच, आडोशाला लुगडं धरून बसवलं. पोर लाजेनं रडली. दुसऱ्या दिवशी पंचायतीची मीटिंग होती. मारुतराव कोट चढवून निघाला, तशी ती डोक्यावरचा पदर नीट करून त्याच्या मागोमाग निघाली.

"तू कुटं?"

"मीटिंगला."

तो हसला. ती मागून येतच राहिली तेव्हा त्याचं हसू आटलं आणि तो भराभर पुढं चालायला लागला, ही आपल्याबरोबर नाहीच असं दाखवत.

चावडीत नानासाहेब खुर्चीवर, बाकीचे पाच जण सतरंजीवर. सेक्रेटरी ज्योतीराम रजिस्टर मांडून बसलेला. तो भोरकडचा, नवीनच लागलेला. दुर्गाबाई दारात उभी राहिली. नानासाहेबांनी तिच्याकडं न बघता मारुतरावाला विचारलं, "मेंबर, मंडळींचं काय काम हाय?"

"काय न्हाई, आपलं सहज—"

"माजं नाव हाय त्या वहीत," दुर्गाबाई म्हणाली. "भाऊसाहेब, भट्टीचा ठराव वाचा. कोण कोण हजर हुतं ते बी वाचा."

ज्योतीरामानं नानासाहेबांकडं बघितलं. नानासाहेबांनी कंटाळून मान हलवली. त्यानं वाचलं. हजर सभासदांत सरपंचांच्या चुलतीचं नाव होतं, आणि दुर्गाबाईचंही.

"मी हजर न्हवते. अंगठा माजा न्हाई. मला सही येती."

एक जण खोकला. मारुतराव सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"दुर्गाबाई," नानासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या. नवऱ्याला काय बेड्या घालायच्यात का?"

"बेड्या कशाला? यवढंच लिवा, की आमी आता जायचं कुटं. तुमी जागा दिलीसा, दुसरी दावा. तुमच्या घरात चार सुना हायेत. त्या कुटं जात्यात हल्ली, इचारलं का तुमी?"

"कशाला जायचं म्हनताय?" सतरंजीवरचा एक जण म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"हागायला."

झालं. जसं काही तिनं चावडीत घाणच आणून टाकली. दोघांनी माना फिरवल्या. एकानं कानाला हात लावला. नानासाहेब खुर्चीत मागं सरकले. "शी, शी, बाईमाणसाच्या तोंडात हे शब्द," ते म्हणाले. गावच्या बायका चार-पाच दिवस उसातून हाकलल्या जात होत्या त्याची यांना किळस आली नव्हती. परक्या बाप्यांनी कंदील वर केला त्याची आली नव्हती. चार अक्षरं कानावर पडली आणि यांना मळमळायला लागलं. दुर्गाबाईनं एकेकाचं तोंड बघितलं. घरापासून चावडीपर्यंत भीती तिला वाटली होती खरी. आता भीती गेली आणि नुसती घाण वाटायला लागली.

"जागा दावनार नसला तर ऐका," ती म्हणाली. "उद्या पहाटंपास्नं आमी चावडीच्या मागल्या आवारात बसनार. समद्या. माजी पोर पोटुशी हाय, ती बी बसंल. तुमची मीटिंग असंल तवा जरा उशिरा या."

नानासाहेब बघतच राहिले. ती बोलते ते करेल की नाही, याचा ते अंदाज घेत होते. तेवढ्यात ज्योतीराम त्यांच्याकडं वाकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, तपासणीला हे रजिस्टर गेलं आणि बाई म्हणाल्या अंगठा माझा नाही, तर नोकरी माझी जाईल. तुमच्या चुलतीबाईंचंही निघेल."

चुलतीचं नाव निघालं तेव्हा नानासाहेबांना एकदम सगळं समजलं. पुढचं पाव तासात उरकलं. आधीचा ठराव रद्द. भट्टी ओढ्यापलीकडच्या खडकाळ पड जमिनीत हलवावी. बाभळीच्या जागेला काट्यांचं कुंपण घालावं. ज्योतीरामानं भराभर लिहिलं, शाईचा पॅड उघडला आणि सवयीनं मारुतरावापुढं सरकवला. मारुतरावानंही सवयीनं अंगठा धोतराला पुसला.

दुर्गाबाईनं पॅड बाजूला केला आणि टाक मागून घेतला. तिसरीतल्या मोठ्या अक्षरात तिनं सही केली. वेळ लागला. सगळे थांबून राहिले.

"मेंबर," नानासाहेब उठता उठता मारुतरावाला म्हणाले, "यवढ्याशासाठी बाईमाणसाला चावडीवर आनायचं काय नडलं हुतं? तुमीच सांगायचं."

"चुकलं," मारुतराव म्हणाला.

चार दिवसांत भट्टीवाले ओढ्यापलीकडं गेले. बाभळी काही परत उगवल्या नाहीत, पण काट्यांचा उंच आडोसा झाला आणि पुरुषांनी ती वाट पुन्हा सोडली. रंभा पाणी प्यायला लागली. तिचा ताप उतरला. मंजुळाबाई म्हणाली, आता भरल्या दिवसांनीच होईल.

त्या आठवड्यात सकाळी अंबुबाई दारात आली. डोक्यावर पाटीभर ओल्या शेंगा, कालच उपटलेल्या.

"मेंबर हायेत का घरात?" तिनं विचारलं.

दुर्गाबाईला वाटलं, म्हातारी विहिरीवरचं बोलणं मागं घ्यायला आली असेल. "काय काम हुतं, आत्या?"

"काम कसलं? लई उपकार केलं त्यांनी. नानासाहेबांपुढं उभं राहून जागा सोडवली, गाव बोलतंय समदं. म्हनलं शेंगा तरी द्याव्या."

"आत्या, चावडीवर मी गेले हुते. मेंबर मी हाय."

"व्हय गं बाई, तू हाईसच की मेंबरीण," अंबुबाई मायेनं म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून आत डोकावली. "हायेत का पन?"

मारुतराव कोटाच्या बाह्या ओढत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. दुर्गाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता तरी हा बोलेल, एवढं एक वाक्य बोलेल, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

"अंबूआत्या, त्यात उपकार कसलं," मारुतराव म्हणाला. "बायकांची अडचन म्हनल्यावर मेंबरानं बगायला नको?"

त्यानं म्हातारीच्या डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. पाटी जड होती. अंबुबाई समाधानानं निघून गेली. तो दुर्गाबाईकडं वळला आणि पाटी तिच्यापुढं केली.

"धर की," तो म्हणाला.

तिनं धरली नाही.