टँकरमधल्या पेटीने घेतलेला सूड

मी साबणाच्या वडीएवढी एक जुनी काळी पेटी आहे. पेट्यांना राग येत नाही, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते विसरा, मित्रांनो. मला येतो. कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या खोलीत मी सध्या सीलबंद पडून आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

पोटात एक सिमकार्ड, एक छोटी बॅटरी आणि आकाशातल्या उपग्रहांचं ऐकणारा एक कान, एवढाच माझा संसार. रसायनीच्या राजेशशेठच्या टँकरमध्ये मला बसवलं, तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, "आता गाडी कुठं हाय ते लपायचं नाय." केवढी फुशारले मी! कारखान्यांचं विषारी सांडपाणी भरून ते प्रक्रिया केंद्रात नेऊन ओतायचं, हे टँकरचं काम. टँकर कुठे आहे ते दर मिनिटाला प्रदूषण मंडळाच्या कंट्रोल रूमला कळवायचं, हे माझं. तीन वर्षांत मी एकदाही चुकले नाही.

मग शेठला केंद्राबाहेरच्या रांगेचा आणि तिथल्या फीचा कंटाळा आला. एका सकाळी त्याने ड्रायव्हर रूपेशच्या हातात बोटभर लांबीचं, वर तीन शेंड्या असलेलं एक यंत्र ठेवलं. "चौक गाव आलं की हे चार्जरच्या भोकात खोचायचं. परत चौकात येईपर्यंत काढायचं नाय, काय वाट्टेल ते होऊ दे." तो जॅमर होता, आसपासचे सगळे सिग्नल बंद पाडणारा. गाडीत तो लावणं गुन्हा आहे, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

तो लागला आणि माझ्या कानात नुसती खरखर भरली. उपग्रह ऐकू येईनात, आणि मी कितीही ओरडले तरी बाहेर काही पोहोचेना. टँकर केंद्राकडे न जाता भिवपुरीच्या अलीकडच्या एका गावाकडे वळला. भरदुपारी, माणसं जेवून जरा आडवी झालेली असताना, रूपेशने ओढ्यात टँकरची नळी सोडली. मला सगळं समजत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. हे एकदा नाही, सतरा वेळा झालं. प्रत्येक वेळी 'आवाज दाबला' अशी नोंद मी माझ्या पोटात करून ठेवली, पण कंट्रोल रूममधले साहेब नकाशावरच्या ठिपक्यांपलीकडे काही बघतच नव्हते, आणि माझा ठिपका तर चौक गावातच थांबलेला दिसायचा.

अकराव्या खेपेला त्याच गावातल्या सोनुबाईची गाभण म्हैस, चंद्री, त्या ओढ्याचं पाणी प्यायली आणि काठावरच कोसळली. सोनुबाई धावत वर आली, आमच्या टँकरजवळ उभी राहून गुरांच्या डॉक्टरला फोन लावू लागली. रेंज नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"अरं बाबा, तुझा तरी फोन दे. जनावर मरतंय माजं!"

"मावशी, हितं कुनाचाच लागत नाय," असं म्हणून रूपेशने गाडी चालू केली. जॅमर हाताच्या अंतरावर होता. नुसता ओढून काढला असता तरी फोन लागला असता. आम्ही निघून गेल्यावर तिला रेंज आली, तोवर चंद्री गेली होती.

सोनुबाईने ग्रामपंचायतीत तक्रार केली. शेठ तिथे माझाच नकाशा घेऊन आला. "बघा, गाडी त्या दुपारी चौक गावात उभी. ड्रायव्हर जेवत होता. बाईंना भास झाला असंल." लोक हसले. मित्रांनो, माझं तोंड बांधून माझ्याच नावाने खोटी साक्ष दिली गेली! रूपेशने गाडीत हे हसत सांगितलं, त्या दिवशी मी ठरवलं, त्या शेठला सोडायचं नाही.

सोनुबाईनेही तेच ठरवलं होतं. तिने काय काय केलं हे मला नंतर, तिचा जबाब ऐकताना कळलं. तिचा भाचा देवेश कर्जतला मोबाइल दुरुस्त करतो. तिने आपला फोन त्याच्यासमोर आपटला. "ह्यो मेला फकस्त टँकर आला का मरतो."

देवेशने फोन उघडलासुद्धा नाही. "आत्ये, फोन चांगला हाय. त्या गाडीत जॅमर हाय." आणि तो कसा दिसतो, कुठे खोचलेला असतो, हे त्याने तिला कागदावर काढून दाखवलं.

कालव्याच्या पाण्याची तिची पाळी आली. स्वतःचं उन्हाळी भात तहानलेलं ठेवून तिने ते पाणी ओढ्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर सोडलं. दोन दिवस मुरवलं, नांगर फिरवला आणि गावातल्या बायकांना घेऊन लावणीआधी करतात तशी गुडघाभर चिखलणी केली. वर वाळलेला पेंढा पसरला. रूपेश शेतकऱ्याचाच पोर, पण दहा वर्षांत त्याने भातखाचरात पाय घातला नव्हता. पेंढ्याखाली काय असतं, ते तो विसरला होता.

अठराव्या खेपेला भरलेला टँकर चाकांच्या आसापर्यंत रुतला. रूपेशने इंजिन रेस केलं, शिव्या घातल्या. क्रेन हवी, तर शेठला फोन हवा. फोन हवा, तर जॅमर काढायला हवा, आणि शेठने तर बजावलेलं. तो जॅमर तसाच ठेवून फोन घेऊन बांधाबांधाने लांब चालत गेला.

साठीची सोनुबाई पदर खोचून केबिनमध्ये चढली. "कुटं हाईस रं मुडद्या," म्हणत तिने भोक शोधलं आणि गोचीड उपटावी तसा जॅमर उपटला.

माझा कान मोकळा झाला! जागा, वेळ, सगळं मी एका दमात कळवलं. त्याच्याच जबाबाप्रमाणे, तिकडे बांधावर रूपेश शेठकडे क्रेन मागत होता, एवढ्यात फोनमधून शेठ किंचाळला, "अरं, गाडी भिवपुरीला कशी दिसतेय? कंट्रोल रूमचा फोन आलाय!" रूपेशने वळून पाहिलं. टँकरच्या पायरीवर सोनुबाई जॅमर हातात धरून उभी होती, आणि खाली बायकांनी वाट अडवली होती.  मला त्याची दया आली नाही.

पोलीस आले, प्रदूषणवाले आले. माझं पोट उघडलं, आणि आधीच्या सतराच्या सतरा नोंदी निघाल्या. दोघांनाही अटक झाली. शेठचा चेहरा बघून मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही.

जबाबाच्या दिवशी इन्स्पेक्टर नम्रताबाईंनी मला टेबलावर ठेवलं. "आजी, या पेटीने सगळं सांगितलं बघा."

सोनुबाईने मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "आता सांगितलंस," ती म्हणाली. "तवा का गं नाय बोललीस? माजी चंद्री वाचली असती."

नम्रताबाईंनी मला तिच्या हातातून घेऊन पुन्हा सीलबंद केलं. 

शेठ जामिनावर सुटला आहे. त्याचा वकील म्हणतो की पेटी जुनी आहे, बिघडलेली आहे. मित्रांनो, या खोलीचं छप्पर गळतं आणि खटल्याची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. तुमच्यापैकी कुणाची इथे ओळख असेल, तर मला जरा वरच्या, कोरड्या फळीवर ठेवायला सांगा. मला भिजून मरायचं नाही. त्या माणसासमोर अजून एकदा बोलायचं आहे.