न हलणारा पडदा

झूलिखा स्टुलावर चढली आणि फाटक्या रजईची गुंडाळी न्हाणीघराच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीत अंगठ्याने दाबून दाबून बसवू लागली. त्यावर तिने पडद्यातून उरलेल्या कापडाचा चौकोन चिकटवला. इथे भिंतीला भोक होतं, हे आता कुणाला सांगूनही पटलं नसतं.

"यम्मा, गॅसवाला काय सांगून गेला होता? जाळी बुजवायची नाही म्हणून," टॉवेल घेऊन दारात उभी असलेली तिची मुलगी वसीला म्हणाली.

"त्याचं काय जातंय सांगायला! सेतीफच्या थंडीत ओल्या अंगानं तो उभा राहणार आहे का इथं?"

"आणि बाहेरच्या खोलीतली?"

"ती कालच बुजवली. तुझ्या लग्नाचं बोलायला मुलाकडच्या हाजिया दलीला येणार, आणि भिंतीला भगदाड? माझी लाज काढू नकोस. जा, न्हाऊन घे."

वसीला हसली. आईपुढे कुणाचं काही चालत नाही, हे तिला तेवीस वर्षांत पुरतं कळलं होतं. आत कडी लागली, गॅसचा गिझर भप्पकन पेटला, पाणी वाहू लागलं आणि त्यावर तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

झूलिखा पत्र्यांच्या वस्तीत वाढली होती. तिथे वाऱ्याला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. दर हिवाळ्यात ती आणि तिची आई पत्र्यांच्या फटींत चिंध्या कोंबत. एका वर्षी एक फट राहून गेली आणि पाळण्यातली बहीण गारठून दगावली. चौथ्या दिवशी आई वकिलाच्या घरी धुणं धुवायला गेली, तेव्हा सात वर्षांची झूलिखाही बरोबर होती. त्या घरात गालिचे होते, झुंबर होतं. तिच्या लक्षात राहिला तो खिडकीवरचा पडदा. बाहेर बर्फाचं वादळ घोंगावत होतं आणि पडदा जरासुद्धा हलत नव्हता. श्रीमंती म्हणजे हे, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.

बावीस वर्षं यादीत नाव राहिल्यावर या शरद ऋतूत सरकारी इमारतीत हे घर मिळालं. तिने आधी पडदा लावला. तो हलायचा. संध्याकाळी वारा सुटला की तिला तो कुणीतरी वेडावून दाखवल्यासारखा वाटायचा. काल शेवटी तिने त्याचाही बंदोबस्त केला होता.

गॅसच्या हीटरची निळी ज्योत आज पिवळट दिसत होती. झूलिखाने मक्रूद, खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, ताटात रचले. सकाळपासून तिचं डोकं जड झालं होतं, मळमळतही होतं. पाहुण्यांची काळजी, दुसरं काय, म्हणून तिने ओढणी कपाळावर घट्ट बांधली.

घंटा वाजली ती ठरल्या वेळेच्या आधीच.

"लवकर आले, राग मानू नका," हाजिया दलीला म्हणाल्या. "बहिणीला ताप आला, म्हणून एकटीच निघाले."

"राग कसला! घर तुमचंच आहे. वसीला न्हातेय. अर्धा तास झाला, पण म्हटलं, न्हाऊ दे पोरीला मनसोक्त. आमच्या लहानपणी एका किटलीत तिघी न्हायच्या."

हाजिया हसल्या. कोट काढत म्हणाल्या, "किती ऊब आहे हो तुमच्या घरात."

झूलिखाचा ऊर भरून आला. जन्मभर हेच एक वाक्य ऐकायचं राहिलं होतं. तिने कॉफीचा कप पुढे केला. हाजियांनी तो घेतला, पण त्यांची नजर भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यावर खिळली होती.

"तुमची हवेची जाळी कुठंय?"

"बुजवली," झूलिखा अभिमानाने म्हणाली. "इथली पण आणि न्हाणीतली पण. वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही बघा."

कॉफी मक्रूदांवर सांडली.

"गिझर कुठं आहे?"

"आतच आहे. न्हाणीत."

"मुलीला हाक मारा."

"अहो, येईल ना ती. तुम्ही आधी कॉफी..."

"हाक मारा म्हणते ना!"

झूलिखाने हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. दाराआड पाणी एकसारखं वाहत होतं. गुणगुणणं कधी थांबलं, ते तिला काही केल्या आठवेना.

हाजिया न्हाणीच्या दाराला खांद्याने धडका देऊ लागल्या. "खिडकी उघडा! आधी ती खिडकी उघडा!"

झूलिखा खिडकीकडे धावली. पडदा बाजूला सारायला तिने दोन्ही हातांनी ओढला. तो हलला नाही. हलू नये म्हणून तिनेच त्याची कड चारी बाजूंनी चौकटीला खिळे मारून बसवली होती.