केरबा मास्तर गायले तो दिवस

“मास्तर! शलोमी आलीया! बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर बसलीया!”

चर्चचा राखणदार गुंडू धापा टाकत आला, तेव्हा केरबा मास्तर पेटीचा भाता तपासत होते. त्यांचा हात जागीच थांबला.

“कुठली शलोमी?”

“आता काय म्हणावं! तुमची लेक की वं. जयसिंगपूरची पैली यष्टी धरून आलीया!”

१९७२ सालचा ईस्टरचा रविवार होता. कोल्हापुरातल्या त्या लहानशा चर्चमध्ये मास्तर चोवीस वर्षं पेटी वाजवत होते, गायकवर्ग शिकवत होते. एक सूर हलला तरी गाणं पहिल्यापासून म्हणायला लावत. “देवाला द्यायचं ते निर्दोष द्यायचं. लंगडं कोकरू चालत न्हाय,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

सात वर्षांपूर्वी अशाच ईस्टरला, भरल्या उपासनेत, त्यांनी पोटच्या पोरीचं गाणं दुसऱ्या कडव्याला थांबवलं होतं. “चुकलं. परत म्हण.” एकोणीस वर्षांची शलोमी परत म्हणाली नाही. उठून बाहेर पडली, ती थेट जयसिंगपूरला मावशीकडे गेली आणि तिथंच शाळेत शिकवू लागली. दोन वर्षांपूर्वी आई चिमणाबाई वारली. तार मिळून शलोमी आली, तोवर माती झाली होती. बापाशी अवाक्षर न बोलता ती परतली.

उपासना सुरू झाली.

“कुणाला गीत म्हणायचंय?” पाळकसाहेबांनी विचारलं.

शलोमी उभी राहिली. साऱ्या माना वळल्या. तिनं तेच गीत धरलं! पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज चढला, थरथरला आणि तुटला. चर्च चिडीचूप. मास्तरांनी पेटीवरून हात उचलला. गुंडूनं डोळे मिटून घेतले.

आणि मास्तर गाऊ लागले.

मास्तरांना गाताना कुणी ऐकलंच नव्हतं. आवाज घोगरा, फाटका. म्हणूनच तो त्यांनी जन्मभर पेटीआड दडवला होता. आज मोकळ्या गळ्यानं ते गात होते. दुसऱ्याच ओळीला बेसूर झाले, पण थांबले नाहीत. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात शलोमीचा आवाज येऊन मिळाला, मग गायकवर्गाचा, मग सगळ्यांचा. पोरं टाळ्या पिटू लागली. छपराची कौलं उडतील की काय, असं ते गाणं झालं!

उपासना संपल्यावर दाराशी पाळकसाहेबांनी मास्तरांचा हात धरला. “मास्तर, निर्दोष कोकरू एकच होतं, आपला प्रभू येशू. ते केव्हाच दिलं गेलंय. आपण नुसतं यायचं.”

शलोमी पायरीवर उभी होती.

“आण्णा, दुसरी ओळ पार घसरली तुमची.”

“व्हय की,” ते म्हणाले, आणि दोघंही हसली.

मग ती म्हणाली, “आईकडं जाऊया?”

दफनभूमीत चिमणाबाईच्या मातीवर गवत वाढलं होतं. शलोमी खाली बसली.

“दोन महिनं आजारी हुती म्हणं. मला आधी का कळवलं न्हाय?”

“पत्र लिवलं हुतं,” मास्तर उभ्या उभ्या म्हणाले. “आजाराचं कळवायच्या आधी माफी मागायची हुती तुझी. लिवायचं, वाचायचं, फाडायचं. शब्द मनाजोगतं जमंनात. रोज ती विचारायची, धाडलं का पत्र? मी म्हणायचा, उद्या धाडतो.”

शलोमीनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त थोडी बाजूला सरकली.

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरानिशी मास्तर तिच्याशेजारी मातीत बसले.