अठराच्या आतले पायरीवर

चित्रपटगृहाच्या दारात मी एकतीस वर्षं काढली. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा बोर्ड लागला की आमच्या मालकांना दारात माझ्याशिवाय दुसरं कुणी चालायचं नाही. खोट्या मिशा, मोठ्या भावाचा कोट, उंच टाचांचे बूट, सगळं पाहून झालंय. मिशी ओढून बघायची गरज मात्र कधी पडली नाही. वय विचारलं की खरा मोठा माणूस वैतागतो. जो लगेच, नम्रपणे ‘अठरा’ म्हणतो, तो सतराचा असतो.

हे ऐकूनच सेक्रेटरीणबाईंनी मला दारात बसवलं. या बाई एका संस्थेतर्फे एलजीबीटी मुलांसाठी हेल्पलाइन चालवतात. घरी सांगायची सोय नसलेली पोरं तिथे फोन करतात. तिच्यासाठी देणग्या जमवायला बाईंनी एका हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. जेवणाबरोबर बार होता, बार आला म्हणजे परवाना आला, आणि परवान्यात अठराच्या आतल्यांना बंदी. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तेवढे सोडून बाकी सगळे आत. मी तसं बोलून दाखवलं.

“ते आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?” बाई म्हणाल्या. “पण बारशिवाय देणगीदार येत नाहीत हो.”

खरी पंचाईत माझ्या घरातली होती. माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे. बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या मुलीनं त्याला सांगितलं, की बाबा, मला मुली आवडतात. तो “बरं” म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेला. नळाला काहीही झालेलं नव्हतं. त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. पोरगी त्या एका ‘बरं’चा अर्थ लावत बसली आणि मला विचारून विचारून तिनं भंडावून सोडलं. मी त्याची बहीण असले म्हणून मला काय कळणार?

आणि हा गडी त्या कार्यक्रमात बोलायला तयार झाला. बाईंच्या ऑफिसातलं सिंक तुंबलं होतं, याचं डोकं सिंकखाली, आणि बाईंनी नेमकं तेव्हाच विचारलं. त्यानं खालूनच विचारलं, “तिथं पोरंबाळं नसतात ना?” नसतात म्हटल्यावर हो म्हणाला.

भाचीला अठरा पूर्ण व्हायला एकोणीस दिवस होते. ती आली उंच टाचांचे बूट घालून. बूट माझेच होते.

“वय?” मी विचारलं.

“आत्या, काय गं!”

“वय?”

“अठरा,” ती नम्रपणे म्हणाली.

“पायरीवर बस.”

तिचे डोळे भरून आले. “बाबा आज पहिल्यांदा बोलणार आहेत. माझ्याबद्दल. आणि ते सगळ्यांनी ऐकायचं, फक्त मी नाही?”

मला फार वाईट वाटलं. पण परवाना गेला तर हॉल जाणार आणि बाईंची हेल्पलाइनही गोत्यात येणार. भाचीनं बूट काढून हातात घेतले आणि पायरीवर बसली. तिथं आधीच सहा जण होते. कार्यक्रमाचं पोस्टर पाहून आलेले आणि मीच परत फिरवलेले. घरी मात्र कुणीच जात नव्हतं.

आत भावाचं नाव पुकारलं गेलं. तेव्हा मी चष्मा लावला आणि दारामागे चिकटवलेला परवाना पहिल्यापासून वाचला. बंदी होती ती बार चालू असेल तेवढा वेळ. मी तडक बारवाल्याकडे गेले.

“शटर ओढ.”

“किती वेळ, बाई?”

“माझा भाऊ बोलेल तेवढा वेळ.”

“म्हणजे किती?”

“आठ महिन्यांत एक शब्द बोललाय. पाच मिनिटं धरून चाल.”

सगळ्यांच्या हातातले ग्लास मी स्वतः गोळा केले. एका जाडजूड देणगीदारांनी आपला ग्लास टेबलाखाली सरकवला. मी नुसती बघत उभी राहिले, तेव्हा त्यांनी तो मुकाट्यानं काढून दिला. सेक्रेटरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण मला अडवलं नाही. मग मी सातही पोरांना आत घेतलं आणि मागच्या भिंतीला ओळीनं उभं केलं.

भाऊ कागदात बघून वाचत होता. आतापर्यंत सगळं पाइपांबद्दलच होतं. मग त्यानं मान वर केली आणि त्याला बूट हातात घेतलेली लेक दिसली. त्यानं वाचणं थांबवलं. हॉलच्या कोपऱ्यात एक बेसिन होतं, त्याची नजर तिकडे गेली. मी मनात म्हटलं, आता हा नळ उघडणार.

त्यानं कागद खिशात घातला.

“मी तेव्हा बरं म्हणालो,” तो तिला म्हणाला. “पुढचं राहिलं. मला वाटलं, काही चुकीचं बोलून बसलो तर तू मला पुन्हा कधी काही सांगणार नाहीस. म्हणून उठलो. तो नळ चांगलाच होता. तुझ्यातही दुरुस्त करण्यासारखं काही नाही, बाळा.”

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. भाचीला तर हुंदका आवरेना. मी तिला पोटाशी धरूनच बाहेर नेलं, मागून बाकीचे सहा आले, आणि बारचं शटर वर गेलं. जाडजूड देणगीदार पहिले पोहोचले.

थोड्या वेळानं भाऊ दोन्ही हातांत जेवणाच्या ताटल्या घेऊन बाहेर आला. भाची अनवाणीच उठली आणि हात आडवा धरून त्याच्यापुढे उभी राहिली. डोळे अजून लाल होते. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी माझ्यासारखं.

“पायरीवर अठराच्या वरच्यांना बंदी आहे. वय?”

“सतरा,” भाऊ लगेच, नम्रपणे म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा लावून पुन्हा परवाना वाचायला लागले.